मुंबईत कुठं?

सेवाग्रामला कस्तुरबा हॉस्पिटलच्या रस्त्यावर माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. रेल्वेचं आरक्षण, विमानाचं तिकीट, लागलीच तर नागपूरपर्यंतची गाडी, सगळं करून देते. येणारी माणसं साधारण ठरलेली: दवाखान्यातले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक, मेडिकल कॉलेजची मुलंमुली, आश्रम पाहायला आलेले पाहुणे. खुर्चीवर टेकता टेकता बहुतेकांचं वाक्य एकच असतं, "ताई, मुंबईचं सस्तं तिकीट पाहा ना." मी कीबोर्डला हात लावण्याआधी विचारते, "मुंबईत कुठं?"

काहींना ही नसती चौकशी वाटते. तिकीट काढायला आलो, घरचा पत्ता कशाला हवा? पण २५ डिसेंबर २०२५ पासून या एका प्रश्नाच्या उत्तरावर दोन-तीन तास, टॅक्सीचे चांगले पैसे आणि सोबत आजारी माणूस असेल तर त्याच्या अंगातली उरलीसुरली ताकद अवलंबून असते. त्या दिवशी उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. उद्घाटन त्याआधी, ८ ऑक्टोबरला झालं होतं. इंडिगोनं पहिल्या टप्प्यात तिथून जी शहरं जोडली त्यांत आपलं नागपूर होतं. म्हणजे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उडालेला माणूस आता मुंबईच्या दोन टोकांपैकी कुठंही उतरू शकतो. एक टोक अंधेरी-विलेपार्ल्याकडचं सहार-सांताक्रूझ, दुसरं पनवेलच्या अलीकडचं उलवे. दोन्हींच्या मधे ठाण्याची खाडी आहे आणि रस्त्यानं पस्तीस-चाळीस किलोमीटरची मजल.

खरं म्हणजे आपल्याकडच्या जुन्या प्रवाशाला ही अक्कल रेल्वेनं कधीच शिकवली आहे. वर्ध्याहून संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलेले सगळेच सकाळी सीएसएमटीपर्यंत जात नाहीत. अंबरनाथ-डोंबिवलीवाले कल्याणला उतरतात. वाशी-पनवेलकडे जाणारे ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल धरतात. टाटा हॉस्पिटलचे पेशंट दादरला. तिकीट मुंबईचं असलं तरी उतरायचं कुठं हे घरून निघतानाच ठरलेलं असतं. आमच्या वर्ध्यातसुद्धा दोन स्टेशनं आहेत. मुंबई-हावड्याच्या गाड्या वर्धा जंक्शनला लागतात आणि जीटी एक्स्प्रेससारख्या दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या गाड्या सेवाग्राम स्टेशनला, ज्याला जुनी माणसं अजून वर्धा ईस्ट म्हणतात. कुणाला न्यायला जायचं तर इथलं लहान मूलही आधी विचारतं, कोणत्या स्टेशनवर? विमानाच्या बाबतीत मात्र हीच माणसं गावाचं नाव आणि भाड्याचा आकडा एवढंच पाहतात. पूर्वी त्यानं बिघडत नव्हतं. आता बिघडतं.

देवळी तालुक्यातला एक मुलगा वडिलांना घेऊन जायच्या तयारीत दुकानात आला होता. वडिलांचा आजार रक्ताचा. मोठे उपचार होऊन गेलेले, आता तपासणीसाठी बोलावलेलं. डॉक्टरांनी गर्दीत न्यायचं नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून तर कापसाचे पैसे मोडून विमानानं जायचं ठरलं. त्यानं मोबाइलवर भाडी पाहूनच ठेवली होती. सहारचं तिकीट उलव्याच्या तिकिटापेक्षा काहीशे रुपयांनी कमी होतं. "ताई, मुंबईवालंच काढा. ते पनवेलकडचं कायले पाह्यचं? टाटात तर जायचं हाये."

मी विचारलं, "फाइल परळची की खारघरची?"

टाटाच्या पेशंटला हा प्रश्न विचारावाच लागतो. टाटा मेमोरियल हॉस्पिटल परळला, १९४१ पासूनचं. पण त्याच संस्थेचं अॅक्ट्रेक हे मोठं केंद्र खारघरला आहे. बोन मॅरोच्या रोपणाचे, प्रोटॉन किरणांच्या उपचारांचे पेशंट तिथं असतात. घरी मात्र दोन्हींना टाटाच म्हणतात. मुलानं पिशवीतून फाइल काढली. कार्डावर खारघरचा पत्ता होता.

मग मी कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले. हे मी सगळ्यांसाठी करते, कारण स्क्रीनवर दिसतो तो खर्च एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचाच असतो. पहिल्या रकान्यात सहार. उतरायचं, बॅगा घ्यायच्या, टॅक्सी करायची, मग शहर ओलांडून वाशीच्या खाडीपुलावरून सायन-पनवेल रस्त्यानं खारघर. अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास, आणि संध्याकाळी या रस्त्याला दीड तास लागेल की अडीच, हे मुंबईचा टॅक्सीवालाही छातीठोक सांगत नाही. दुसऱ्या रकान्यात उलवे. तिथून खारघर पंधरा-वीस किलोमीटर, शहर ओलांडायची गरजच नाही. टॅक्सीच्या भाड्यातला फरक मांडला, तर तिकिटात वाचणारे पैसे त्यातच जिरून गेले. तरी पैशाचा हिशेब मी शेवटी मांडते. आधी त्याला विचारलं, बाबा एका जागी किती वेळ बसू शकतात? तो म्हणाला, "तासभर. मंग पाठ धरते त्याहीची." तिकीट उलव्याचं निघालं, दुपारी पोचणारं, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या नंबराआधी एक रात्र झोप मिळेल असं.

परळची फाइल असती तर हिशेब वेगळा झाला असता, आणि तो जरा गुंतागुंतीचा आहे. सहार जवळचं, अठरा किलोमीटरच्या आतबाहेर. त्यात आता मेट्रो ३ आहे. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. तिच्यावर टी-१ आणि टी-२ या दोन्ही टर्मिनलांची स्वतंत्र स्टेशनं आहेत. टी-२ ला मेट्रोत बसलं की बीकेसी, धारावी, शीतलादेवी करत दादर. वर रस्त्यावर कितीही कोंडी असो, खाली गाडी अडत नाही. दादरला उतरून टॅक्सीनं टाटा किंवा गाडगे महाराज धर्मशाळा गाठता येते. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या डेबूजीचं, म्हणजेच गाडगे महाराजांचं, नाव तिथं दादरला आहे आणि विदर्भातल्या किती पेशंटांनी त्या छताखाली दिवस काढले असतील, याचा विचार आला की मला भरून येतं.

पण परळसाठी उलवे वाईटच असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, जवळपास बावीस किलोमीटरचा, शिवडी ते चिर्ले. उलव्याकडून त्यावर चढायचं आणि शिवडीला उतरायचं. शिवडीहून परळ अगदी लागून. स्वतःची गाडी घेऊन न्यायला येणारं कुणी असेल तर हा रस्ता सहारच्या रस्त्यापेक्षा मोकळा मिळतो. टोल आहे, सेतू सुरू झाला तेव्हा मोटारीला एका फेरीचे २५० रुपये ठरले होते, आणि रिक्षा त्यावर चालत नाही. न्यायला कुणी नसेल, टॅक्सी आपल्याच पैशानं करायची असेल, तर परळसाठी मी सहारच सांगते. नव्या विमानतळाच्या टर्मिनलपर्यंत अजून लोकल किंवा मेट्रो गेलेली नाही. बस आहे. पण पेशंट, दोन बॅगा आणि फायलींची पिशवी घेऊन बस बदलत जाणं नको.

बाकीच्या पत्त्यांचं सोपं आहे. मंत्रालयात काम असेल तर सहारला उतरून मेट्रोनं थेट विधान भवन स्टेशन. पवईच्या आयआयटीत मुलाला सोडायचं तर सहार. नेरूळ, बेलापूर, पनवेल, उरण, पेण, अलिबाग असेल तर डोळे झाकून उलवे. ठाणे, कल्याण, डोंबिवली मधेच अडकतात. तिथं मी विमानाची वेळ पाहते आणि ज्याची वेळ धड त्याचं तिकीट काढते.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती तिकिटावर छापलेली असते आणि कुणी वाचत नाही. जुन्या विमानतळाचेही दोन भाग आहेत. टी-१ विलेपार्ल्याच्या बाजूला, टी-२ सहारला. दोन्हींची दारं वेगळ्या रस्त्यांवर उघडतात. जाताना पाहुणा टी-२ ला उभा आणि घ्यायला आलेला भाचा टी-१ ला, असं होतं. परतीला तर विमानच चुकायचं, कारण देशातल्या विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. तिकीट हातात आलं की तीन गोष्टींवर पेनानं गोल करून देते: विमानतळाचं नाव, टर्मिनलचा आकडा, वेळ. कंपन्या आयत्या वेळी टर्मिनल बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहायला सांगते.

भाड्याबद्दलही बोलायला हवं. एकाच शहराच्या दोन विमानतळांचं भाडं वेगळं का, हे मला पुष्कळ जण विचारतात. जिथं विमानं कमी आणि कंपनीला प्रवासी ओढायचे असतात तिथं भाडं उतरतं. जिथून सगळ्यांना जायचं असतं आणि धावपट्टीवर जागा नसते तिथं ते चढतं. सहारच्या विमानतळाला एकमेकांना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, त्यामुळे एका वेळी एकच नीट वापरता येते. विमानं वाढवायची तर जागा नाही, म्हणून तर दुसरा विमानतळ बांधावा लागला. शिवाय विमानतळ वापरण्याचं शुल्क तिकिटात मिसळलेलं असतं आणि प्रत्येक विमानतळाचं वेगळं असतं. नव्या बांधकामाचा खर्च वसूल करायचा असतो, त्यामुळे उलव्याचं शुल्क सहारपेक्षा जास्त आहे. म्हणून मूळ भाडं पाहून उपयोग नाही, शेवटच्या पानावरची रक्कम पाहायची आणि तिच्यात दोन्ही टोकांचा टॅक्सीखर्च मिळवायचा.

दोन्ही टोकांचा म्हणते, कारण आपलं टोकही मोजायला हवं. वर्ध्याच्या माणसाचं एक भाग्य आहे. नागपूरचा विमानतळ शहराच्या आपल्याच बाजूला, वर्धा रोडवर आहे. सेवाग्रामहून निघालं की नागपूर शहरात शिरायचं कामच पडत नाही. बुटीबोरी, जामठा मागं टाकलं की विमानतळ. सव्वा-दीड तासाचा रस्ता. बसनं किंवा पॅसेंजरनं खापरीला उतरलात तर तिथून मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशनही आहे. एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरूनही मुंबईचं विमान सुरू झालं. पुलगाव-धामणगावकडच्या माणसांनी तेही पाहावं, पण ते रोज नसतं आणि विमान लहान असतं. रद्द झालं तर दुसरं लगेच मिळत नाही. दवाखान्याचा नंबर लागलेल्याला मी नागपूरच सांगते.

सोनेगावचा हा विमानतळ आज एका कोपऱ्यातला वाटतो, पण १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथंच एकत्र यायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही विमान बदलायचे आणि पहाटे चारही विमानं आपापल्या गावी परत. देशाच्या मधोमध असण्याचा आपल्याला मिळालेला तो मान होता. तशी सोय पुन्हा कधी झाली तर मुंबईमार्गे पुढं जाणाऱ्या वर्ध्याच्या माणसाला मुंबईच्या कोणत्याच विमानतळाचा विचार करावा लागणार नाही.

आता सगळ्यात घातक प्रकार सांगते. परदेशी जाणारा माणूस नागपूर ते मुंबई हे तिकीट वेगळं काढतो आणि मुंबईहून पुढचं वेगळं. नागपूरचं स्वस्त तिकीट उलव्याला उतरवतं आणि परदेशाचं विमान सहारच्या टी-२ वरून असतं. उलव्याला बॅगा उचला, खाडी ओलांडा, शहर ओलांडा, पुन्हा रांगेत उभे राहा. दोन तिकिटं वेगळी असली तर पहिलं विमान उशिरा पोचल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. लाखभराचं तिकीट बुडतं. म्हणून पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा, आणि तसं जमणारच नसेल तर दोन्ही विमानं एकाच विमानतळाची आहेत की नाही हे आधी पाहावं, भाडं नंतर. परत येताना आणखी एक: परदेशाहून आल्यावर कस्टमची तपासणी भारतातल्या पहिल्या विमानतळावरच होते. बॅगा तिथं घेऊन नागपूरच्या विमानात पुन्हा द्याव्या लागतात. तेवढा वेळ मधे हवा. नागपूरहून दोहा आणि शारजाला विमानसेवा आहे. युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांना मी दोहाचा रस्ता आधी दाखवते. घराजवळच सामान द्यायचं आणि मधे एकदाच विमान बदलायचं.

अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांचा विषय निघालाच आहे तर न्यूयॉर्कचं सांगते. आपली पुष्कळ मुलं न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास राहतात. पत्ता न्यूयॉर्कचा समजून तिकीट जेएफकेचं काढलं जातं. जेएफके क्वीन्समध्ये, शहराच्या पार पलीकडं. तिथून एडिसनला जायचं तर सगळं शहर वळसा घालून, पूल आणि टोल भरत जावं लागतं. नेवार्क विमानतळ न्यू जर्सीतच आहे. लंडनचीही तीच गोष्ट. हीथ्रो पश्चिमेला, गॅटविक दक्षिणेला, ल्यूटन आणि स्टॅनस्टेड उत्तरेकडं, सगळ्यांवर नाव लंडनचं. हाउन्सलो-स्लाउला राहणाऱ्या मुलीच्या आईला स्टॅनस्टेडला उतरवलं तर ती बिचारी तासन्‌तास रस्त्यात. पॅरिसच्या नावावर स्वस्तात विकलं जाणारं बोव्हे तर पॅरिसपासून ऐंशीएक किलोमीटर लांब, वेगळ्याच गावात आहे. वयस्क माणसांसाठी माझा नियम एकच: आपलं मूल कामावरून सुटून ज्या विमानतळावर घ्यायला येऊ शकेल, तो विमानतळ. मुलाला आधी फोन लावून विचारायचं, मग तिकीट. इंग्रजी न येणाऱ्या आईला दाराबाहेर ओळखीचा चेहरा दिसणं, याची किंमत पैशात होत नाही.

दिल्लीला मेडिकलची मुलं मुलाखतींना आणि परीक्षांना जातात. तिथं टी-१ आणि टी-३ एकमेकांपासून काही किलोमीटर दूर आहेत, चालत जाण्यासारखे नाहीत. एम्सला जायचं असेल तर टी-१ चांगलं पडतं. दारातच मॅजेंटा मेट्रो, हौज खासला बदल, मग येलो लाइनवर ग्रीन पार्कनंतर एम्स. टी-३ ला उतरलात तर एअरपोर्ट एक्स्प्रेस थेट नवी दिल्ली स्टेशनला सोडते, पुढं परतीची रेल्वे असणाऱ्याला ती सोयीची. गाझियाबादचं हिंडनही आता यादीत दिसतं. पूर्व दिल्ली, शाहदरा, गाझियाबाद, मेरठ असेल तरच ते घ्यावं. आणि दिल्लीसाठी मी मुलांना सेवाग्राम स्टेशनची आठवण नेहमी करून देते. तिथं बसलं की गाडी थेट दिल्लीला नेते, सामानाला वजनकाटा नाही.

गोव्याला हनिमूनला जाणारी जोडपी येतात, त्यांचं दोन वाक्यांत. दाबोळी दक्षिणेत वास्कोजवळ, मोपा उत्तरेत पेडण्याला. मोपाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, नागपूरला समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला त्याच दिवशी. हरमल-कळंगुटला राहायचं तर मोपा, काणकोण-पाळोळेला तर दाबोळी, आणि सावंतवाडीच्या पाहुण्यांकडं जायचं तर मोपा नक्की.

उलव्याचं तिकीट काढताना मला दर वेळी त्या जमिनीची आठवण होते. ११६० हेक्टरांवर तो विमानतळ उभा आहे. त्यासाठी दहा गावं उठली, एक टेकडी कापली गेली, उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं. त्याच भागात १९८४ मध्ये जासईला जमिनी घेणाऱ्या सिडकोविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना मिळाली. स्थानिकांनी विमानतळाला दि. बा. पाटलांचंच नाव लागावं म्हणून रस्त्यावर येऊन आग्रह धरला. सेवाग्राममध्ये राहणाऱ्या माणसाला हे माहीत असायला हवं असं मला वाटतं. आपल्या पेशंटचा तास वाचतो तो कुणाच्या तरी भातशेतीवरून वाचतो.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक पेशंटला सांगते, त्यात माझं कमिशन जातं तरी. कर्करोगाच्या पेशंटला उपचाराला जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो आधी घ्या. पेशंट झोपून जाऊ शकत असेल, गर्दीची भीती नसेल, तर विदर्भ एक्स्प्रेससारखी सोय नाही. संध्याकाळी वर्ध्याला बसायचं, सकाळी खारघरवाल्यानं ठाण्याला उतरायचं, परळवाल्यानं दादरला. जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये होणाऱ्या उपचारासाठी मुंबईला जाऊच नका, हेही सांगते. विमान त्याच्यासाठी, ज्याला बसवत नाही, ज्याला संसर्गाची भीती आहे, ज्याला ऑक्सिजन लागू शकतो. अशा पेशंटसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवायची, तिला पैसे पडत नाहीत. नुकती शस्त्रक्रिया झाली असेल किंवा ऑक्सिजन लागणार असेल तर कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून आधी पाठवावा लागतो. दारावर पोचून कागद नाही म्हणून परत फिरलेलं कुणी मला पाहायचं नाही.

परतीचं तिकीट तर जाण्याच्या तिकिटापेक्षा जास्त विचार करून काढावं लागतं, कारण तेव्हा पेशंट दमलेला असतो. किमोनंतर लगेच निघणाऱ्याला उलट्या सुरू असतात. तेव्हा मुंबईतला रस्ता जेवढा कमी तेवढं बरं, खारघरहून उलवे, परळहून सहार, यात मी फारसा बदल करत नाही. पण इकडची वेळही बघा. रात्री अकराला नागपुरात उतरणारं विमान सेलू-सिंदीच्या माणसाला चालून जातं, घरून मोटरसायकल-गाडी घेऊन कुणी येतं. कारंजा-आष्टीकडच्या माणसाला ते चालत नाही, कारण त्यांचा रस्ता अमरावती रोडनं, सगळं नागपूर ओलांडून, आणि त्या वेळेला एसटी नसते. त्यांना मी दुपारी तीनच्या आत उतरणारं विमान देते, मग ते उलव्याचं असो की सहारचं, आणि दोनशे-चारशे रुपये जास्त पडले तर ते का पडले हे कागदावर मांडून दाखवते.